समाधान मुंबईत दिसतोय

डुबुक. एवढाच आवाज व्हायचा आणि मागोमाग समाधानची हाक यायची, "दादा, चेंडू!" मी खुरपं टाकून विहिरीत उतरायचो. नाशिकजवळ मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडू असायचा आणि झेंडूच्या सऱ्यांमधून माझ्या पोराचं क्रिकेट चालायचं. फुलं तुडवली जायची, पण मी गप्प राहायचो. (तसा मी एरवीही गप्पच असतो. माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत माझ्या बायकोची, साळूबाईची, भाजी चिरून होते.)

तो समाधान आता कॅनडात नोकरी करतो. चार वर्षांत एकदाही घरी आला नाही. क्रिकेट मात्र सुटलं नाही. यंदा स्पर्धा सुरू व्हायच्या आधी त्याचा फोन आला. "दादा, मॅचचं ॲप तुमच्या नंबरावर घेतो. तुम्ही घरच्या टीव्हीवर बघा, मी इकडे लॅपटॉपवर बघतो." मी "बरं" म्हणालो. एका "बरं"मधून एवढा घोळ निघेल, असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या मोबाइलवर मेसेज आला. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे मी मेसेज भाकरीसारखा तुकडे करून खातो. तुमच्या खात्यावर. नवीन उपकरण. समाधान लॅपटॉप. मुंबई.

मी पुन्हा वाचलं. मुंबईच होती.

तेव्हा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण जन्मभर गप्प बसलेल्या माणसाला नेमकं नको तेव्हा बोलावंसं वाटतं.

"अगं, समाधान मुंबईत दिसतोय."

साळूबाई पीठ मळत होती. ती तशीच, भरल्या हातांनी बाहेर आली. "मुंबईत? आपल्या?"

"दुसरी कुठली असती?"

तिला अक्षर येत नाही. तरी तिनं मोबाइल हातात घेतला. "ह्यात मुंबई कुठंय?" मी दाखवली. तिनं त्या शब्दाला बोट लावलं. (मोबाइलला लागलेलं पीठ अजून पुरतं निघालेलं नाही.)

"गुपचूप आलाय," ती हसली. "एकदम दारात उभा राहणार. तुम्ही काय इचारू नका त्याला. त्याची गंमत जाईल."

थोड्या वेळानं त्याचा व्हिडिओ कॉल आला. इकडे एप्रिलचा उकाडा आणि हा अंगात स्वेटर घालून बसलेला. मी काही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र म्हणालो, "मुंबईत स्वेटर?"

"एसीत बसला असंल."

"आणि त्याच्या खिडकीत ऊन होतं. आपल्याकडे दिवे लागलेत."

"ऊन कसलं? फोटो लावलाय मागं. आमच्या कुसाचा जावई हापिसचं बोलताना मागं समुद्र लावतो आणि बसतो कळवणला."

मी ते तिथंच सोडलं. ती पीठ मळता मळता गुणगुणायला लागली होती आणि ते मी फार दिवसांनी ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी ओसरी रंगवायची ठरली. रंगवायची म्हणजे मी. (भिंतीला लागला त्याहून जास्त रंग मला लागला. शेजाऱ्यांनी विचारलं, होळी होऊन गेली ना?) साळूबाईनं तिच्या धाकट्या बहिणीला, कुसाबाईला, कळवणहून बोलावून घेतलं. पुरणाचे मांडे भाजायला लागतं ते मातीचं खापर तिच्याकडे होतं. कुसाबाई खापर मांडीवर धरून एसटीनं आली. तान्हं पोर सांभाळावं तशी.

त्याच संध्याकाळी मेसेज आला. समाधान लॅपटॉप. दिल्ली.

"दिल्लीला काय हाय?" साळूबाईनं विचारलं.

"कागदपत्राचं काम असेल," मी म्हणालो.

पुढच्या मॅचला चेन्नई आली. आता मलाही कागदपत्रं पुरेनात. कुसाबाई पुढे सरकली.

"अक्का, एकटा माणूस असा हिंडत नाय. दाजी, तुम्ही भोळे. लगीन केलंय त्यानं. बायकोला देश दाखवतोय!"

साळूबाई हळूच म्हणाली, "केलं तर केलं. पण आधी घरी आणायचं ना तिला. चेन्नईच्या आधी नाशिक लागतं."

गुणगुणणं थांबलं. खापर तिनं भिंतीशी पालथं घातलं. मग मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः व्हिडिओ कॉल लावला. पण मी "समाधान" एवढं म्हणेपर्यंत कुसाबाईनं मोबाइल ओढला.

"ती कुठंय?"

"मावशी? कोण ती?"

"तुझी बायको!"

"माझी बायको?" समाधाननं मागे वळून पाहिलं. "कुठंय?"

"लबाडी नको. दिल्लीला नेलीस, चेन्नईला नेलीस. माझ्या अक्काचं घर तेवढं वाटेत आलं नाय व्हय?"

तो आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. म्हणाला, ते व्हीपीएन आहे. हे ॲप भारताबाहेर मॅच दाखवत नाही. म्हणून लॅपटॉप भारतातच आहे, असं त्याला भासवायचं. मॅच अडकायला लागली की शहर बदलायचं.

"म्हंजे तू तिथंच हायेस?" साळूबाईनं विचारलं.

"इथंच आहे, आई. कुठं गेलोच नाही."

"मुंबईत पण नव्हतास?"

"नाही गं."

त्यानं लग्न लपवलं नव्हतं, आम्हाला टाळलं नव्हतं. सगळं चांगलंच निघालं होतं. तरी साळूबाईचा चेहरा असा झाला, जणू मुंबईहून निघालेली गाडी कुणीतरी अर्ध्या वाटेत रद्द केली. "स्वेटर नीट घाल," एवढं म्हणून ती आत गेली.

मी मोबाइल घेऊन ओट्यावर आलो. "समाधान, त्या यंत्रात नाशिक नाही का रे?"

"नाही दादा. मोठीच शहरं असतात."

"मग ते मुंबईवर ठेव. चेन्नईला नको नेऊस."

"मुंबईवर कधी कधी अडकतं, दादा. का?"

"तुझ्या आईला चेन्नई लांब पडते."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "ठेवतो," म्हणाला.

काल संध्याकाळी मॅच अगदी रंगात आली होती. शेवटची ओव्हर, सहा चेंडू, अकरा रन. तेवढ्यात समाधानच्या लॅपटॉपचा मेसेज आला. मला वाटलं, हिला बरं वाटेल. मी मोठ्या फुशारकीनं मोबाइल तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, "बघ, आज जवळ आलाय."

मी न दाखवताच तिनं मुंबईवर बोट ठेवलं. आता तो शब्द ती आकारावरून ओळखते. "जवळ आलाय, तर दारात का नाय?" ती म्हणाली. बॉलर धावत सुटला होता. तिनं टीव्ही बंद केला, रिमोट कमरेला खोचला आणि आत निघून गेली.