पाच टक्के उजेड

केडगावात आदिनाथच्या हॉलची खिडकी नेमकी पश्चिमेला होती. फर्स्ट शिफ्ट करून तो साडेतीनला घरी आला की ऊन त्याच्या आधीच दिवाणावर आडवं झालेलं असे. शेवटी त्याने काचेला फिल्म लावणाऱ्या मच्छिंद्रला बोलावलं.

मच्छिंद्रने रोल मांडले. "हे सत्तर. म्हंजे सत्तर टक्के उजेड आत येनार. हे पस्तीस, हे वीस, हे पाच. आकडा बारीक तेवढा अंधार."

"सत्तरच लाव," खिडकीशी बसलेल्या आदिनाथच्या आई मुक्ताबाई म्हणाल्या. डाळ निवडत रस्त्यावरची वर्दळ बघायची, ही त्यांची एकमेव चैन.

"का? कमी उजेडात दिसत न्हाई का तुला?" आदिनाथने विचारलं. "मग सोमवारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाव देऊ."

हे ऑपरेशन मुक्ताबाई दोन वर्षं टाळत होत्या. कधी लग्नसराई आडवी येई, कधी गुडघे.

"लई झकास दिसतं मला," त्या घाईने म्हणाल्या.

आदिनाथने लगेच त्यांच्या हातात सुई-दोरा दिला. मच्छिंद्रने खिडकीवर पस्तीस धरलं. मुक्ताबाईंनी पाठ वळवून ओवलेली सुई पुढे केली. वीस धरलं, पुन्हा तेच. पाचला तर भरदुपारी दिवेलागण झाली, तरीही सुई ओवलेली. गोधडीच्या सुया शेजारची स्नेहल रोज सकाळी ओवून देते आणि त्या पदराला टोचलेल्या असतात, हे आदिनाथला कुठून माहीत असणार?

"मावशीची नजर घारीची हाय," मच्छिंद्र म्हणाला.

"मग पाचच लाव," आदिनाथ खूश झाला.

फिल्म बसली आणि मुक्ताबाईंचा रस्ता बुडाला. त्यांना रडूच यायचं बाकी होतं, पण आता तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

दुसऱ्या दिवशी आदिनाथ रणरणत्या उन्हातून घरात आला, चाचपडत दिवाणापर्यंत पोचला आणि आडवा झाला तो थेट सांडग्यांसाठी वाटलेल्या डाळीच्या परातीत.

"आई, हे इथं कुनी ठेवलं?"

"मीच. एवढी परात दिसली न्हाई व्हय रं?" मुक्ताबाईंच्या आवाजात माया दाटून आली होती. "सोमवारी नाव देऊ. तुझं."

पाठीवरून डाळ ओघळत असताना आदिनाथने मच्छिंद्रला फोन लावला. "ते सत्तर घेऊन ये."

"का, मावशीला दिसंना का?"

"तिला लई झकास दिसतंय," आदिनाथ म्हणाला. "मलाच दिसंना झालंय."