हातांवर बसणाऱ्या बिराजदार बाई

आमच्या शाळेतल्या बिराजदार बाई स्वतःच्या हातांवर बसत. अक्षरशः. सातवीच्या मुलींचा प्रयोग सुरू झाला, की बाई स्टूल ओढायच्या, दोन्ही तळवे खाली सारायच्या आणि त्यांवर आपलं भरभक्कम वजन ठेवून द्यायच्या. मुलींचं काम संपेपर्यंत ते हात बाहेर येत नसत. नाकावर माशी बसली तर बाई फुंकरीनं उडवत.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नाही, पण एखादी मुलगी तारेशी झटापट करताना दिसली, की मला राहवत नाही. "अहो बाई, सांगा की तिला," असं मी एकदा म्हटलं, तर बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मीही मुकाट्यानं हात मागं बांधले.

एरवी मात्र या हातांपासून सोलापुरातली कुठलीही वस्तू सुरक्षित नव्हती. पर्समध्ये विभूतीच्या डबीशेजारी स्क्रू ड्रायव्हर असायचा. "नोडोण," म्हणजे कानडीत 'बघू या', एवढं म्हणायच्या आणि उघडायच्या. स्टाफरूमचा पंखा उघडला. माझं घड्याळ उघडलं. ते नंतर चालायला लागलं, पण उलटं. मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावरची घंटी त्यांच्या देखत उघडली, तेव्हापासून त्या दोघींत फारसं बोलणं नव्हतं.

आता विजयाबद्दल. विजया सातवीतली, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली. वडील कारखान्यात मागावर चादरी विणायचे. घरी आल्यावर विजया कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत गुंडाळून ठेवायची. त्या वर्षी वडिलांनी ठरवलं, की सातवी झाली, आता शाळा बास.

बिराजदार बाई त्यांना समजवायला कारखान्यात गेल्या. सोबत मी. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना. बाईंनी विजयाच्या वडिलांना नमस्कार केला, मागाकडं बघितलं, म्हणाल्या, "नोडोण?" आणि पर्स उघडली.

"ओ बाई! हात लावायचं काम न्हाई!" वडील ओरडलेच. मग जरा नरमून म्हणाले, "बाई, लई शिकून करायचं काय पोरीनं? घरी कांड्या कोण भरणार?"

तेवढ्यात मागावरचा एक उभा धागा तुटला. त्यांना दिसला, पण उशिरा. चादरीत लांबलचक रेघ पडली होती. ते कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "हे बगा. ध्यान हटलं की चादर वाया."

बाई म्हणाल्या, "धागा तुटल्याबरोबर घंटा वाजली तर?"

"कोण वाजवणार?"

"तुमची विजया. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला या. वाजली, तर तिला आठवीला बसवा. नाही वाजली, तर मी परत तुमच्या दारात येणार नाही."

ते हसले. बाईंपासून सुटका होईल म्हणून की काय, "हो" म्हणाले. मी मात्र घरी येईपर्यंत बाईंशी भांडत होते. मुलीचं शिक्षण असं घंटेला टांगायचं?

दुसऱ्या दिवसापासून विजया आणि तिच्या दोन मैत्रिणी कामाला लागल्या, आणि बाई हातांवर बसल्या. मुलींनी लाकडी चौकटीवर धागे ताणले आणि प्रत्येक धाग्याला केसातली एकेक पिन अडकवली. खाली पितळेच्या दोन पट्ट्या, एकमेकींना न चिकटणाऱ्या. धागा तुटला की पिन दोन्ही पट्ट्यांवर आडवी पडायची, सेलची वीज वाहायची आणि घंटा वाजायची. म्हणजे वाजायला हवी होती. पिन पडायची आणि गप्प पडून राहायची. मुली रडकुंडीला आल्या. मी बाईंना खुणा केल्या, डोळे वटारले. बाई ढिम्म. शेवटी कितीतरी दिवसांनी विजयानं एक पिन नखानं खरवडून बघितली. पिनांवरच्या काळ्या रंगातून वीज जात नव्हती! तिघींनी ब्लेडनं साऱ्या पिना खरवडल्या आणि घंटा ठणाणा वाजली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांनी पुसलं नाही. हात अडकलेले होते.

प्रदर्शनाच्या दिवशी उन्हानं पत्रे तापले होते. मुख्याध्यापिका बाई पाहुण्यांना घेऊन एकेक टेबल बघत येत होत्या. विजयाचे वडील भिंतीला टेकून उभे होते. कामावरून तसेच आलेले, केसांत सुताचे तंतू. बाई टेबलाशेजारी स्टुलावर, हातांवर.

"बिराजदार बाई, पाहुणे आलेत," मुख्याध्यापिका बाई दातांवर दात ठेवून म्हणाल्या. उठा, असा त्याचा अर्थ. बाई बसल्या जागेवरून मान झुकवून नमस्कार म्हणाल्या.

विजयानं माहिती सांगितली, कात्री घेतली, धागा कापला. पिन पडली.

घंटा वाजली नाही.

तिनं दुसरा कापला. तिसरा कापला. काहीच नाही. पाहुण्यांनी सौजन्यानं घड्याळाकडं बघितलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "बाई, बघा ना काय झालंय ते." मी बाईंच्या कानाशी वाकले. "अहो, आता तरी! पोरीची शाळा जाईल!" बाई स्टुलावर पुढं सरकल्या, परत मागं सरकल्या. पण हात बाहेर आले नाहीत. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

भिंतीपाशी वडिलांनी खांद्यावरचा पंचा झटकला. निघायचीच तयारी.

विजया पट्ट्यांवर वाकून बघत होती. मग मलाही दिसलं. दोन्ही पट्ट्यांवर हळदीकुंकवाची जाड बोटं उमटलेली होती. खंडेनवमीला वडील मागाची पूजा करतात, जिथं माग काम करतो नेमकं तिथं ओलं हळदीकुंकू लावतात. पोरीनं सकाळी आपल्या यंत्राची तशीच मनोभावे पूजा केली होती. ते वाळून त्याचा पट्ट्यांवर पापुद्रा धरला होता. पिनांच्या रंगासारखाच, वीज अडवणारा.

तिला कळलं होतं. पण तिचा हात पुढं होईना. पूजेचं कुंकू पुसायचं, आणि ते वडिलांच्या देखत? तिनं वडिलांकडं बघितलं. त्यांनीही कुंकू बघितलं आणि नजर तिथंच खिळली. बाहेर गिरणीचा भोंगा झाला.

विजयानं पट्ट्यांना हात जोडले. बोट ओलं करून त्यावर ते कुंकू घेतलं, आपल्या कपाळाला लावलं. मग मैत्रिणींच्या. पडलेल्या पिना बाजूला केल्या, उरलेलं परकराच्या काठानं खसाखसा पुसलं, ब्लेडनं पट्ट्या चकचकीत केल्या, आणि कात्री वडिलांपुढं धरली.

"अप्पा, तुम्ही तोडा."

ते पुढं आले. एक धागा कापला.

घंटा अशी काही वाजली, की पाहुणे दचकून मागं सरले. टाळ्या पडल्या. वडिलांचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. त्यांनी पिन उचलली, तुटलेला धागा चुटकीसरशी गाठला, परत कापला. परत वाजली. मग शेजारचा कापला. पाहुणे पुढच्या टेबलावर गेले तरी यांचं चालूच.

शेवटी म्हणाले, "खडखडाटात घंटा कुटली ऐकू येतीय? दिवा लाव दिवा. सोमवारी कारखान्यात येऊन दाव." मग बाईंकडं बघून विजयाला म्हणाले, "शाळा सुटल्यावर ये. मधनं उठून येऊ नको. या वर्षी बी, आन् फुडच्या बी."

विजयानं कात्री टाकून तोंड झाकून घेतलं. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. बाई वाजवत नव्हत्या. त्यांचे हात इतके बधिर झाले होते, की अंगाखालून निघेचनात. मी ते ओढून काढले आणि चोळत बसले. तळव्यांवर लाकडाचे वळ उठले होते.

"बाई, एवढा हट्ट कशासाठी हो?" मी विचारलं. माझा राग अजून पुरता गेला नव्हता.

बाई हळूच म्हणाल्या, "माझी लेक गिरिजा आहे ना, दुधनीला दिलेली. तिचं सगळं मीच करायची. चित्र मी काढायची, शिवण मी, प्रयोग मी मांडायची. बक्षीस तिचं, हात माझे. पोरगी कशाला हात लावायलाच शिकली नाही. आता घरात फ्यूज गेला, तर नवरा येईपर्यंत बसून राहते." मग म्हणाल्या, "गेल्या रविवारी मी तिथं असताना फ्यूज गेला. म्हणाली, अव्वा, तू लाव की."

"मग?"

"हातांवर बसले. कंदिलाच्या उजेडात जेवलो. जेवण झाल्यावर तीच उठली. मेन बंद केला, म्हणाली, अव्वा, कंदील तरी धरशील का? तेवढा धरला."

"लागला दिवा?"

"नाही लागला," बाई म्हणाल्या. माझ्या हातातली त्यांची बोटं आता कुठं हलायला लागली होती. "पण फ्यूजचं झाकण तिनं उघडलं होतं."