बिरू सरांच्या पडवीतला ग्रीस

कुणाच्याही नव्या घरी गेले की बिरू सर आधी यजमानाला नाही, खांबाला भेटतात. बोटानं टकटक करतात, कान लावतात आणि सगळ्यांदेखत जाहीर करतात, "पोकळ हाय."

सर माझे शेजारी, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मूळचे सांगोल्याकडचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातले. सगळी नोकरी सोलापुरात झाली, पण जीव अडकला तो ग्रीक खांबांत.

"खांब तीन तऱ्हेचे," ते मला गेटपाशी गाठून सांगत. "डोरिक म्हंजे अंगानं भरलेला, डोक्यावर नुसती थाळी. सज्जन माणूस. आयोनिकच्या डोक्यावर दोन्हीकडं गुंडाळलेली वळणं. आन् कोरिंथियन म्हंजे कोथिंबिरीची जुडी!"

समोरच्या वकिलांनी हौसेनं बारीक, उंच खांबांवर ही जुडी बसवली. सर म्हणाले, "वकीलसाहेब, किडमिड्या माणसाला लग्नाचा फेटा बांधलाय की तुमी!" वकील महिनाभर बोलले नाहीत.

मग सरांनी स्वतःचं घर बांधायला काढलं. आम्हाला वाटलं, आता डोरिक. पण सरांनी पडवीसाठी निवडला आयोनिक. गवंड्यानं वळण काढलं की सर म्हणायचे, "न्हाई जमलं. फोडा." वहिनी वैतागल्या. "ओट्याला अजून फरशी नाही, आणि यांचा पडवीत ग्रीस चाललाय!" सर ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचे. शेवटी स्वतःच परातीत सिमेंट कालवून शिडीवर चढले.

वास्तुशांतीला गावाहून त्यांची आई आली. गुडघे गेल्यावर म्हातारीनं मेंढरं विकली होती आणि तेव्हापासून ती गावी एकटीच राहत होती. सर न्यायला गेले की एकच उत्तर, "तुझ्या बंगल्यात माझं काय हाय?" त्या दिवशीही जेवण होताच ती पिशवी मांडीवर घेऊन पडवीत बसली होती. संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं म्हणत होती. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. सर दाराशी उभे होते.

म्हातारीनं सहज वर पाहिलं. पाहतच राहिली.

"आरं बिरू, ही तर एडक्याची शिंगं!"

"व्हय, आय."

"आपल्या काळ्याची व्हती तशीच."

"त्याचीच काढल्यात."

मी वर पाहिलं. इतके दिवस ज्याला मी ग्रीस समजत होतो, तो कानामागं शिंगं वळवून शांत उभा होता.

"आता इचारू नगंस, हितं माझं काय हाय म्हणून," सर म्हणाले. ते उगाचच खांबावरची धूळ पंच्यानं पुसायला लागले.

म्हातारीनं पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली आणि पाय लांब केले.

आतून वहिनींनी सासूला जरा भीतभीतच विचारलं, "आत्याबाई, रातच्या भाकरीचं पीठ तुमच्यासाठी पण मळू का?"

"मळ की," म्हातारी म्हणाली. "आन् भाकरी जरा जाड थाप. बिरूला पातळ आवडत न्हाई."