सरकून घ्या

हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण बसस्थानकावरच्या निवेदकाचा माइक एका दाढेपायी गेला, हे त्रिवार सत्य आहे. गाड्या पुकारणं एवढंच त्याचं काम, पण ऐट अशी, की जणू सूर्यही त्याने पुकारल्यावाचून उगवत नाही. लोक त्याला भोंगा म्हणत. तो त्यालाही कौतुकच समजे.

दाढ काढल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे दात बसवून घ्या. जागा मोकळी राहिली, की शेजारचे दात सरकतात."

"माझे दात म्हणजे काय बाकावरचे प्रवासी, 'सरकून घ्या' म्हटलं की सरकायला?" भोंगा गुरकावला.

दात नेमके तसेच वागले. दाढेची जागा शेजारणीने बळकावली, शेजारणीची तिच्या शेजाऱ्याने, असं होत होत मोकळी जागा थेट समोर आली. आणि एका सकाळी "सहा नंबरची गाडी" म्हणताना 'स'बरोबर माइकमधून खणखणीत शिट्टी वाजली.

आता त्या स्थानकात एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. शिट्टी कोणाची, हे काही ड्रायव्हर विचारत बसत नाहीत. आवारातली प्रत्येक गाडी होती तिथे थबकली. बराच वेळ झाला तरी हलेना, तेव्हा प्रवासी शिव्या घालत खाली उतरले.

स्थानकप्रमुख धावत आले. "अहो, लोकांची माफी मागा आधी! नाहीतर पुन्हा माइकला हात लावायचा नाही!"

'माफ करा' म्हटलं असतं तर निभावलं असतं. त्यात 'स' कुठे आहे? पण इतकं साधं बोलेल तो भोंगा कसला! घसा खाकरून, छाती फुगवून तो म्हणाला, "गैरसोयीबद्दल क्षमस्व!"

दोन शिट्ट्या.

सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. आत चिटपाखरू नाही, आणि बोचकी सावरत मागे धावणारी ही गर्दी!

तेव्हापासून भोंगा फाटकावर उभा राहून गाड्या सोडतो. त्याला शिट्टीसुद्धा वेगळी द्यावी लागली नाही.

"खोटं वाटतंय?" आजोबा पाय पसरत म्हणाले. "अरे, मी डोळ्यांनी पाहिलंय! पहिल्याच गाडीत खिडकीपाशी बसलो होतो."

भाजी निवडणाऱ्या सूनबाईंचा हात थांबला.

"गाडीत चिटपाखरू नव्हतं म्हणालात ना, बाबा? मग तुम्ही कोण?"