दामले काकांची सायकलवाट

आमच्या दामले काकांना सायकल येत नाही. लहानपणी शिकायची राहून गेली, पुढे नोकरी लागली, मग लाज वाटायला लागली, असं ते स्वतःच सांगतात. आणि झाशीबाहेर, पक्ष्यांच्या राखीव तलावामागे जी खडकाळ पहाडी आहे, तिच्यावरून सायकल दामटायची चार किलोमीटरची वाट याच माणसाने बांधली आहे. कुदळ त्यांची, घमेलं त्यांचं, आणि उन्हात रापलेलं टक्कलही त्यांचंच.

झाशीतल्या नगरा मोहल्ल्यात आमची भिंतीला भिंत आहे. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून काका मला मास्तरीणबाई म्हणतात आणि त्या नावाखाली वाटेल ती आकडेमोड तपासून घेतात. ते रेल्वेत रुळांचे इन्स्पेक्टर होते. रिटायर झाले ते फक्त कागदावर. रोज सकाळी लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून सगळी वाट पायी तपासतात, दगड ठोकून आवाज ऐकतात. ‘आधी मुआयना’, म्हणजे आधी तपासणी, हे त्यांचं पालुपद. एका लग्नात त्यांनी पंगतीला बसायच्या आधी मांडवाचे खांब हलवून पाहिले होते. वधूपित्याचा चेहरा उतरला, पण काकांनी पास केल्यावरच वाढपी पुढे सरकले.

वाटेवर सगळा कारभार रेल्वेचा. दर शंभर मीटरला चुन्याने रंगवलेला दगड. चढ-उताराच्या पाट्या. एका जागी तर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’. म्हणजे सीटी वाजवा, पुढे फाटक आहे. फाटक कुठलं आलंय तिथे? तर तिथून एका यादव भैयांच्या म्हशी ओढ्यावर जातात. म्हशी आल्या की सायकलवाल्याने उतरायचं, आणि शेवटच्या म्हशीचं शेपूट पलीकडे गेलं की मगच पॅडल मारायचं. हिवाळ्यात तलावावर परदेशी बदकं उतरली की कुंपणालगतचा तुकडा बंद. त्याला काका ‘ब्लॉक घेतलाय’ म्हणतात. बदकांना शांतता लागते, असं वनखात्याच्या चौकीदाराने एकदा सांगितलं आणि तेव्हापासून काका तिथे खोकतसुद्धा नाहीत.

काकू या प्रकाराने जेरीस आल्या होत्या. भाजी कशी झालीय ते विचारलं तर हे मुरूम कसा बसलाय ते सांगतात, ही त्यांची तक्रार. ‘बायकोपेक्षा दगड प्यारा’ असं त्या हसत म्हणायच्या, पण पाण्याची बाटली आणि गुळाचा खडा रोज न चुकता पिशवीत घालायच्या.

खरी गंमत होती ती उतारावरच्या पाच वळणांची. रुळाच्या वळणावर बाहेरची बाजू उंच ठेवतात, म्हणजे वेगात आलेली गाडी बाहेर फेकली जात नाही. काकांनी मातीची वळणंही तशीच बांधली, बाहेरून चांगली कंबरभर उंच. पण वळण ज्या वेगासाठी बांधलंय त्याहून कोणी हळू आला, तर तो अलगद आत घसरतो. आणि सगळेच घसरत होते. दर इतवारी बबीन्याच्या छावणीतून फौजी जवानांची एक टोळी यायची. धट्टीकट्टी माणसं, पण तिसऱ्या वळणावर एकेक जण बाभळीच्या पायाशी. त्यांच्यातल्या एकाने कपडे झटकत, अगदी अदबीने सांगितलं, “बाबूजी, यह मोड़ ग़लत बना है.”

“मोड़ ठीक है,” काका म्हणाले, “आप लेट चल रहे हैं.”

जवान हसले, पण एवढ्या वेगाने इथून कोणी उतरणार नाही, हे त्यांनी निक्षून सांगितलं. वळणं थोडी उतरवा, म्हणून मीही काकांच्या मागे लागले. गणित मी तपासलं होतं ना, पाप माझ्याही माथी येत होतं. पण काका एक इंच हलायला तयार नाहीत. मला राग आला. तुम्हाला स्वतःला सायकल येत नाही, मग हा वेगाचा आकडा आणलात कुठून, असं मी जरा तोडूनच विचारलं.

काकांनी फोन काढला. त्यावर त्यांच्या रेवतीचा व्हिडिओ होता. रेवती त्यांची एकुलती एक, दक्षिण आफ्रिकेत नोकरीला. तिथे समुद्रकाठी एक राखीव जंगल आहे आणि त्याच्या कडेकडेने डोंगरी सायकलच्या वाटा आहेत. सुट्टीच्या दिवशी ती तिथेच. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली निळं पाणी, आणि आमची रेवती सुसाट. वाटेत एक लाकडी फळ्यांचा पूल येतो. काकांनी घड्याळ लावून त्या फळ्या मोजल्या होत्या आणि तिचा वेग काढला होता. “पुलापाशी तासाला सव्वीस,” ते म्हणाले. “वळणं तिच्या वेगाला बांधलीत. बाकीच्यांनी बघून चालवावं.”

मग मला उलगडा झाला. गेले दोन हिवाळे काका दर रविवारी तिला फोनवर विचित्र प्रश्न विचारायचे. फळीची रुंदी किती, खडक कोणत्या रंगाचा, उतार संपतो तिथे माती की वाळू. बाबांचं काही बिघडलंय का, असं रेवतीने आईला घाबरत घाबरत विचारलं होतं. घरी कधी येतेस, एवढा एक प्रश्न मात्र काकांनी कधी विचारला नाही. ती यायचीच कमी. आली तरी चार दिवसांत परत. झाशीत मी करू काय, म्हणायची.

“ती नववीत असताना पडली होती,” काका म्हणाले. “सहा टाके पडले. मी भ्यालो, मास्तरीणबाई. दुसऱ्या दिवशी तिची सायकल विकून टाकली. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त त्यानंतर मला काही सांगेनाशी झाली.” वाट बांधल्याचं तिला कळवलंत का, म्हटलं, तर नाही अशी मान हलवली. आली की बघेल, म्हणाले.

या जानेवारीत रेवती आली. रिक्षातून उतरली ती डावा हात प्लास्टरमध्ये घेऊन. तिथल्याच वाटेवर पडली होती आणि घरी कोणाला कळवलं नव्हतं. काकूंनी दारातच डोळ्याला पदर लावला. मी काकांकडे बघत होते. दोन हिवाळे खपून ज्या पोरीसाठी पहाड खोदला, ती आता सायकलला हात लावू शकणार नव्हती. वर नववीतलं सगळं पुन्हा म्हणून दाखवायची आयती संधी. काका प्लास्टरकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “वळण ओलं होतं का?”

रेवतीने चमकून मान वर केली. हो म्हणाली, खडकावर ओली वाळू होती.

“मग पाणी काढायला नाली हवी होती,” काका म्हणाले. “ज्याने बांधलं त्याची चूक आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पायी निघालो. मला खरं तर कोणी बोलावलं नव्हतं. म्हशींच्या पाटीपाशी रेवती खूप दिवसांनी खळखळून हसली. पहिली दोन वळणं तिने नुसती पाहिली. तिसऱ्यापाशी थांबली, उंच कडेवर चढली, वरून खालपर्यंत नजर टाकली. ज्याला चालवता येतं त्याला कळतं म्हणतात.

“बाबा, हे माझ्यासाठी आहे?”

“तुझी सायकल विकायला नको होती मी,” काका म्हणाले. एवढंच.

रेवती तिथेच मातीवर बसली. तिकडे पडली तेव्हाचं सगळं तिने सांगितलं. दीड तास त्या खडकावर एकटी पडून होती. फोन चालू होता, रेंज होती. तुम्हाला लावायला फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला, म्हणाली. तुमचं पहिलं वाक्य सायकल विकून टाक हेच असेल, असं तिला वाटलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच तलावाकडे बघत उभी राहिले.

काका गुडघे धरत तिच्या शेजारी बसले. “पुढच्या वेळी पडलीस की आधी मला फोन,” ते म्हणाले. “रात्री-बेरात्री, कधीही. आईला मग आपण दोघं मिळून सांगू.”

दीड तासाची ती गोष्ट काकूंना अजून माहीत नाही. रोज संध्याकाळी त्या माझ्याकडे चहाला बसतात आणि रेवती यंदा महिनाभर कशी राहिली, बापलेकीचं एवढं काय जमलं, म्हणून खोदून खोदून विचारतात. माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या नगऱ्याला ठाऊक आहे, तरी मी त्यांना साखर किती घालू एवढंच विचारते.