या एकदा घरी

पिसोळची टेकडी रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत आली, यात तिची काहीच चूक नव्हती. तिला बोलावलं होतं.

आमचा दर रविवारी टेकडी चढणाऱ्यांचा गट आहे. आदल्या रविवारी करवंदीच्या जाळ्यांतून ओरखडे खात वर पोचलो, थालीपिठाचे डबे उघडले, तेव्हा टेकडीनं विचारलं, "सरपोतदार हल्ली दिसत नाहीत?" कुंदाताई सरपोतदारांनी सांगितलं की यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल; पण हे पलंगावरून उतरायला तयार नाहीत. मग निघताना त्या सवयीनं म्हणाल्या, "या एकदा घरी."

आमच्या गावात याचा अर्थ 'येऊ नका' असा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टेकडी पडली गावाबाहेरची.

वॉचमननं विचारलं, "कुणाकडं?"

"सरपोतदारांकडे."

"दुसरा मजला. लिफ्टनं जाऊ नका, चार माणसांचीच हाय."

टेकडी पार्किंगमध्येच बसली. सेक्रेटरी पाटणकर बनियनवरच खाली आले आणि पाहुण्यांनी गेटबाहेर थांबायचं असतं, असा ठराव झाल्याचं तिला समजावू लागले. कुंदाताई खिडकीतून म्हणाल्या, "अहो, कळवून तरी यायचं. घरात पोहेसुद्धा नाहीत."

"काही करू नका," टेकडी म्हणाली. "त्यांना बघते आणि निघते. वर मात्र यायला जमायचं नाही. मला चढायची सवय नाही."

आता पंचाईत झाली. पाहुणी दारात आणि आपण पलंगावर, हे भालचंद्र सरपोतदारांना उभ्या जन्मात जमलं नसतं. काठी टेकत, प्रत्येक पायरीवर कुंदाताईंच्या जिभेचा उद्धार करत ते खाली उतरले. टेकडीनं गुडघा पाहिला. "सूज आहे," म्हणाली. मग दोघं यंदाच्या करवंदांवर बोलत बसले.

थोड्या वेळानं टेकडी उठली. पाटणकरांच्या तोंडून निघून गेलं, "हे काय, जेवून जा की."

टेकडी परत बसली. पाटणकरांच्या घरी संध्याकाळपर्यंत भाकऱ्या थापणं चालू होतं.

निघताना ती सरपोतदारांना म्हणाली, "आता तुम्ही यायचं."

"येऊ की, येऊ," सरपोतदार म्हणाले. याचाही आमच्याकडे ठरलेला अर्थ आहे.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो, तर ते खुर्चीत बसून बूट पुसत होते. कुंदाताई म्हणाल्या, "एकदम टेकडी कशाला? आधी गेटपर्यंत तरी जा."

"मला काय हौस आहे?" सरपोतदार करवादले. "पण तिला कुठं कळतंय? ती खरंच वाट बघत बसेल."