जवायाची अमेरिकन टोपी

"ह्या लग्नात थोरले जवाई रुसणार नाहीत. ते माझ्यावर सोडा!"

अभिमननं छातीवर हात आपटून असं सांगितलं, तेव्हा त्याचे वडील उखर्डू आबा सुपारी कातरायचे थांबले. अख्ख्या धरणगावात अशी हमी आजवर कोणी दिली नव्हती. पावसाची द्यावी, कापसाच्या भावाची द्यावी, पण तोतारामभाऊंच्या रुसव्याची?

तोतारामभाऊ म्हणजे अभिमनच्या थोरल्या बहिणीचे, लताबाईचे यजमान. राहणार धुळे. माणूस तसा सोन्यासारखा, फक्त रुसायचा. स्वतःच्या लग्नात घड्याळाच्या पट्ट्यावरून रुसले. अभिमनच्या लग्नात पंगतीत वरण-बट्टीवर तूप आधी दुसऱ्याच्या पडलं म्हणून रुसले. रुसले की बस स्टँडवर जाऊन बसायचे. बसमध्ये नाही हं, नुसतं स्टँडवर! आठ माणसं समजूत काढायला गेली की परत यायचे. एकदा एका बारशात, गडबडीत, कोणी गेलंच नाही. भाऊंचा नाइलाज झाला, त्यांना खरोखर बसमध्ये चढावं लागलं! त्यापायी लताबाईला दोन वर्षं माहेर बंद झालं.

आता धाकट्या बहिणीचं, मंदाचं लग्न होतं. लताबाईनं धुळ्याहून निरोप धाडला होता, "अभिमन, काय बी कर, पण माले मनी बहिननं लगीन डोळाभर देखू दे." ते ऐकलं, आणि त्या भरात ती हमी अभिमनच्या तोंडातून निघून गेली.

खरं सांगायचं तर हमी देणाऱ्याचं डोकं त्या दिवसांत ठिकाणावर नव्हतं.

अभिमन जळगावात केळीच्या एका दलालाकडे कारकून. ऑफिस सुटल्यावर धरणगावच्या पॅसेंजरला तासभर अवकाश असायचा. तो तास कौतिकच्या सायबर कॅफेत जायचा. साल नव्याण्णव, इंटरनेट नवं नवं. फोन जुळताना कोंबडं मुरगाळल्यासारखा आवाज यायचा, मग पडद्यावर एक गोल टेबल उगवायचं. टेबलाभोवती आठ बाहुल्या पत्ते खेळायला बसलेल्या. प्रत्येक बाहुली म्हणजे कुठल्या ना कुठल्या देशातला खराखुरा माणूस! त्यातली एक बाहुली अभिमन. पत्ते तो झकास टाकायचा. पण बाकी सात जणांच्या डोक्यावर काही ना काही होतं, कुणाची हॅट, कुणाचा फेटा, एकाचा तर मुकुट. अभिमनच तेवढा उघडाबोडका!

"आपल्याकडे बैठकीत उघड्या डोक्यानं कोण बसतं?" तो कौतिकला म्हणाला. "सुतकातला!"

"बाहुलीसाठी अमेरिकेतून टोप्या विकत मिळतात की. तीन डॉलर," कौतिक म्हणाला. "पण टोपीनं पत्ते चांगले येत नाहीत हो."

"पत्ते जाऊ दे चुलीत! चारचौघांत अब्रू आहे का नाही?"

झालं! त्या दिवसापासून अभिमनला चैन पडेना. केळीच्या गाड्या लिहिताना हात आपोआप डोक्याकडे जायचा. जेवताना घास तोंडाशी थांबायचा. बायको कुंदाबाईनं दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला. शेवटी पठ्ठ्या बँकेत गेला. तिथं काउंटरला झुलाल होता, धरणगावचाच, रोजचा पॅसेंजरचा सोबती.

"अमेरिकेला ड्राफ्ट? तीन डॉलरचा? कशासाठी?"

"टोपी घ्यायची आहे."

"वजन?"

"वजन नाही तिला."

"कापड कुठलं?"

"कापडही नाही."

झुलालनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फॉर्मवर लिहिलं, "टोपी, एक नग." बँकेचा खर्च टोपीच्या दुप्पट झाला, पण अब्रूपुढे काय! ड्राफ्ट विमानानं गेला. एकवीस दिवस अभिमन रोज पडदा उघडून आपलं बोडकं डोकं बघत होता. बाविसाव्या दिवशी त्यावर निळी, उंच, पिसाची टोपी! "आली रे!" म्हणून तो असा ओरडला की शेजारचा माणूस दचकला आणि त्याचा जुळलेला फोन तुटला. त्यानं कॅफेत सगळ्यांना पेढे वाटले.

चार दिवसांनी मांडव होता. सकाळीच तोतारामभाऊ लताबाईला घेऊन आले. हसतमुखानं! आणि जन्मात पहिल्यांदा, उघड्या डोक्यानं!

"भाऊ, टोपी विसरलात?" अभिमननं विचारलं.

"जुनी घरमा ठेई उनू. नवी टोपीले जागा नको का?"

"कुठली नवी?"

"आते लपाडू नको रे!" आबा खो खो हसले. "झुलालनी बठ्ठं सांगं. जवाईना मानकरता पोरगानी अमेरिकाथून टोपी मांगाडी!"

अभिमनच्या पायाखालची जमीन सरकली. आहेरात जवायाला टोपी-टॉवेल द्यायचा, ही रीत. लग्नाच्या तोंडावर पोरगा अमेरिकेहून टोपी मागवतो, ती दुसऱ्या कुणासाठी असणार? गल्लीपासून धुळ्यापर्यंत हाच बोभाटा झालेला. मांडवाची पहिली मेढ रोवायचा मान थोरल्या जवायाचा, आणि ती टोपी घातल्याशिवाय मेढीला हात लावणार नाही, असं भाऊंनी येताना बसमध्येच जाहीर केलेलं! खरं सांगावं म्हणून अभिमननं तोंड उघडलं. तेवढ्यात लताबाईकडे लक्ष गेलं. भावानं आपल्यासाठी केवढं केलं, म्हणून तिचे डोळे भरून आले होते.

"टोपी जळगावला आहे," तो म्हणाला. हे काही खोटं नव्हतं.

दोघं पॅसेंजरनं निघाले. वाटभर भाऊ डब्यातल्या लोकांना टोपीची हकिकत सांगत होते आणि अभिमन घाम पुसत होता. कॅफेत त्यानं भाऊंना खुर्चीवर बसवलं, कोंबडं मुरगाळलं, टेबल उगवलं.

"ही बघा टोपी."

"पन हाऊ कोन शे?"

"हे... हे तुम्ही!" अभिमन बोलून गेला. कौतिकनं त्याच्या डोळ्यांची खूण ओळखली आणि बाहुलीखालचं नाव बदलून टाकलं. तोताराम!

भाऊ पडद्याला नाक लावून बघत राहिले. "मी इतला बारीक?"

"अमेरिका लांब आहे ना, भाऊ. लांबून माणूस बारीकच दिसतो."

हे भाऊंना पटलं. "पन टोपी मना डोकावर कोठे शे?"

"डोक्यावरची टोपी गाव बघतं. ही आख्खं जग बघतंय!"

भाऊंची छाती फुगली. त्यांनी आधी डावीकडच्या हॅटवाल्याकडे, मग मुकुटवाल्याकडे पाहिलं आणि कौतिकला हुकूम सोडला, "लिख, राम राम."

कौतिकनं लिहिलं. टेबलावर सातही जण पत्ते टाकत राहिले.

"फिरी लिख!"

परत लिहिलं. मुकुटवाल्यानं काहीतरी उत्तर दिलं.

"काय म्हने?"

"म्हणतो," कौतिक चाचरत म्हणाला, "लवकर पत्ता टाक."

भाऊ उठले. ते उठणं अभिमनच्या ओळखीचं होतं. ह्यानंतर बस स्टँड! त्यानं धावत जाऊन भाऊंचे पाय धरले. "भाऊ, रुसू नका! ताईला मंदाचं लग्न बघू द्या हो!"

"तुमनावर कसाले रुसू?" भाऊ गरजले. "तुमीन काय करं? मी अमेरिकावर रुसनू!"

अभिमनला आनंदानं रडू फुटलं. धरणगावला येऊन भाऊंनी बाजारातली साधी पांढरी टोपी घातली आणि मेढ रोवली. लताबाईनं हळद दळताना इतकी गाणी म्हटली की घसा बसला. आबा तर दिसेल त्याला थांबवून सांगत होते, "आमना जवाई ऱ्हाना नही आते आपलावर रुसनारा. थेट अमेरिका!" अभिमनचे पाय जमिनीला लागेनात. हमी खरी ठरली होती!

दुसऱ्या दिवशी भुसावळहून वऱ्हाड आलं. नवरदेवाचं नाव पुना, रेल्वेत नोकरीला. वाजंत्री थांबली, घोडी मांडवापुढे उभी राहिली. अभिमन आहेराची टोपी घेऊन पुढे झाला. नवरदेव काही खाली उतरेना.

"थोरल्या जवायांना अमेरिकेची टोपी घातली म्हणे," तो घोडीवरूनच म्हणाला. "आणि मला ही?"

"बराबर शे! मान तं मान!" गर्दीतून आवाज आला. तोतारामभाऊ! एवढ्या वर्षांचा अनुभव त्यांनी नव्या जवायाच्या पाठीशी उभा केला होता.

"तशी टोपी आल्याशिवाय मी उतरत नसतो," नवरदेवानं लगाम घट्ट धरला.

आबांनी अभिमनला बाजूला ओढलं. "किती दिनमा येस रे ती टोपी?"

"एकवीस."

आबांनी नवरदेवाकडे पाहिलं, वऱ्हाडाकडे पाहिलं, आणि मग कपाळाला हात लावून ते घोडीकडे बघत राहिले.

"आरे अभ्या," ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "घोडी तं तासना भाडावर आनेल शे!"